देवी म्हणाली, पारडं वर जाईल

"तीन!" डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला मुलगा ओरडला, आणि सभागृहातल्या आयांचे जोडलेले हात एकदम कपाळाला भिडले.

पडद्यावर उत्तर झळकलं. तिसरा पर्याय. बरोबर! टाळ्या, शिट्ट्या आणि सरस्वतीमातेचा जयजयकार. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांचा मुलगा आमच्याच कॉलेजात इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होता आणि भौतिकशास्त्रात गटांगळ्या खात होता.

"बघा सुगुणा मॅडम," त्या मला म्हणाल्या, "एवढंसं पोर! आणि आमचा घोडा! नुसता भात गिळतो."

मंचावर मेधानंद स्वामी हातातला मोरपिसांचा कुंचा फिरवत होते. रेशमी भगवं वस्त्र, मनगटावर सोन्याचं घड्याळ आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"मेंदूच्या बरोब्बर मधोमध एक कमळ असतं! आईच्या पोटात ते उमललेलं असतं. बाहेर आलं की मिटतं. का मिटतं? मोबाइलनं मिटतं! बाहेरच्या बिर्याणीनं मिटतं! आईबापाच्या भांडणानं मिटतं! ते मी उघडतो. वाचायला नको, घोकायला नको. प्रश्नाचा कागद कपाळाला लावायचा, आत देवी वाचते आणि उत्तर जिभेवर! अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मोजलंय, कमळ उघडलं की डोक्यातून साडेसातशे व्होल्टची वीज वाहते!"

साडेसातशे व्होल्ट! तसं असतं तर त्या पोराच्या डोक्यावर दर दोन मिनिटांनी हात ठेवणारे स्वामी केव्हाच कोळसा होऊन पडले असते. पण सभागृहात आम्ही भौतिकशास्त्र शिकवणारे दोघं होतो आणि दोघंही गप्प होतो. मी नोकरीच्या भीतीने गप्प होते. दुसरे, नरसिंहम सर, पहिल्या रांगेत मधोमध बसून मान डोलवत होते.

गुंटूर शहरात आमच्यासारखी कॉलेजं गल्लोगल्ली आहेत. माझ्या कॉलेजचं नाव मी सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, पाट्या तेवढ्या वेगळ्या. पहाटेपासून रात्रीपर्यंत मुलं आत कोंडायची, दर रविवारी चार पर्यायांची परीक्षा घ्यायची आणि आलेल्या गुणांवरून त्यांना तुकड्यांत टाकायचं. वर 'सुपर', मग 'स्टार' आणि तळाला 'रेग्युलर'. पुढच्या रविवारी गुण घसरले की मुलाने आपलं दप्तर उचलून खालच्या मजल्यावर जायचं, सगळ्यांच्या देखत. प्रयोगशाळा आहे, पण तिचं कुलूप तपासणीला सरकारी माणूस येतो तेव्हाच उघडतं. अशा जागी जर कुणी येऊन म्हणाला की न शिकता उत्तर येतं, तर त्याला डोक्यावर घेऊन नाचणार नाहीत तर काय करतील? उत्तर येण्यापलीकडे आम्ही तरी मुलांकडून काय मागत होतो?

स्वामींची एक अट होती. प्रश्नाखाली चार पर्याय हवेतच. 'देवी पर्यायांतूनच बोलते,' असं ते नम्रपणे सांगत. सरस्वतीमातासुद्धा गुंटूरला येऊन वस्तुनिष्ठ झाली होती. आणखी एक सोय होती. कागद मुलाच्या कपाळाला, पण तोच प्रश्न पालकांना दिसावा म्हणून पडद्यावरही मोठ्या अक्षरांत लावत. किती ती पालकांची काळजी!

कार्यक्रम संपला आणि दाराशी दीक्षेसाठी झुंबड उडाली. त्या झुंबडीत मला कोटेश्वरराव दिसले. मिरची यार्डातले दलाल, खणखणीत आवाजाचे. त्यांच्यामागे त्यांची मुलगी हैमा, माझ्या रेग्युलर तुकडीतली. तिचा उतरलेला चेहरा पाहून मी पुढे झाले.

"हिला दीक्षेला बसवताय?" मी विचारलं.

"सोमवारपासून. सूर्यदीक्षा."

सूर्यदीक्षा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. रोज उगवत्या सूर्याकडे पापणी न हलवता बघायचं. हळूहळू वेळ वाढवायचा, मग सूर्य वर चढल्यावरही बघायचं. डोळ्यांतून पाणी आलं की अज्ञान वाहून जातं म्हणे. आमच्या दुसऱ्या शाखेतल्या फणींद्र नावाच्या मुलाने ती पुरी केली होती. आता तो समोर बघतो तेव्हा जिथे बघतो नेमकं तिथेच त्याला काळा ठिपका दिसतो. डोळ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आतला पडदा जळलाय. स्वामींनी सांगितलं की मुलाने चोरून अंडं खाल्लं असणार. आईबापांनी स्वामींचं ऐकलं आणि पोरालाच मारलं.

"कोटेश्वरराव गारू, हिचे डोळे जातील," मी अदबीनेच म्हणाले.

"मॅडम, हात जोडतो, तुम्ही नका सांगू." ते भडकले. "यार्डात आम्ही माल बघून भाव सांगतो. माझ्या पोरीचा माल दर रविवारी तुम्हीच बघता आणि तुम्हीच सांगता की हलका आहे. आता तो चांगला करून घ्यायला निघालो तर आडव्या येता?"

"त्या परीक्षेत हिला काय कळतं ते कुठं बघतात? सूत्र आठवतंय का, तेवढं बघतात. वर्गात 'असं का' हे विचारणारी ही एकटी आहे."

"'का' विचारून मेडिकलला नंबर लागतो?"

खरं बोलायचं तर लागत नाही. आणि याचाच मला संताप येतो, इतका की कधीकधी फळ्यावरचा खडू बोटांत मोडतो.

"नान्ना, मला नाही जायचं," हैमा वडिलांना हळूच म्हणाली.

"बुज्जी, तू गप्प बस. तुझ्यासाठीच चाललंय सगळं." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माणूस दुष्ट नव्हता हो. दुष्ट असता तर भांडणं सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी हैमा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. डबा तसाच हातात होता.

"मॅडम, काल एक गंमत बघितली का? मधेच नरसिंहम सरांना फोन आला. ते बाहेर गेले. तेव्हा प्रश्न पडद्यावर आलेला होता, पण स्वामींनी उत्तर घेतलंच नाही. एकदम म्हणाले, देवी थकली, भजन म्हणा. सर परत येऊन खुर्चीत बसले आणि भजन थांबलं. मग लगेच उत्तर."

एवढ्या मोठ्या सभागृहात आम्ही सगळे पोराच्या पट्टीकडे बघत होतो. ही पोर खुर्च्यांकडे बघत होती.

"म्हणजे तुला काय वाटतं?"

"देवीला उत्तर येत असेल तर सर कशाला लागतात?"

आता मला चोर दिसला, पण पकडायचा कसा? नरसिंहम सर खुणा करतात असं ओरडले असते तर कॉलेजच्या चेअरमनसाहेबांनी मलाच बाहेर काढलं असतं. सर सुपर तुकडीला शिकवत. कुठलंही गणित द्या, पेन न उचलता उत्तर देणारा माणूस. अशा माणसाची खूण चुकणार कधी, आणि चुकल्याशिवाय ती त्याची आहे हे सिद्ध होणार कसं?

इथे मला माझा रोजचा धंदाच उपयोगी पडला. प्रश्न काढताना मी बरोबर उत्तरावर फार वेळ घालवत नाही. खरी मेहनत चुकीच्या पर्यायांवर असते. प्रत्येक चुकीचा पर्याय मी एखाद्या खऱ्या गैरसमजातून उचलते, मुलांच्या तोंडून ऐकलेल्या. मग मूल जो चुकीचा पर्याय निवडतं, त्यावरून त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळतं. बरोबर उत्तर पाठ केलेलं असू शकतं, नक्कल केलेलं असू शकतं, निव्वळ नशिबाने लागलेलं असू शकतं. चूक मात्र ज्याची त्याची असते.

माझा एक आवडता प्रश्न आहे. तराजूच्या दोन पारड्यांत पाण्याची दोन भांडी, तराजू सरळ. आता एका भांड्यातल्या पाण्यात आपली मूठ बुडवायची, पण तळाला किंवा कडेला लागू द्यायची नाही. पाणी सांडायचं नाही. ते पारडं खाली जाईल, वर जाईल, की तिथेच राहील?

मी तो स्टाफरूममध्ये टाकला, अगदी सहज, चहा पिताना. प्राणिशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, तिथेच राहील, हात तर आपणच धरलाय. शिपाई म्हणाला, तिथेच. इंग्रजीचे सर म्हणाले, तिथेच. बिनशिकलेला असो की शिकलेला, साधा माणूस बहुधा हेच म्हणतो. नरसिंहम सर मात्र हसले.

"सुगुणा मॅडम, प्लावक बल कुठल्या दिशेनं असतं? वर! मग पारडंही वर जाणार. नववीचा प्रश्न आहे हा. तुम्ही रेग्युलरवाल्यांना असलंच शिकवत बसता, म्हणून त्यांचे गुण येत नाहीत."

मी म्हणाले, "बरोबर सर," आणि चहा संपवला.

'वर' हे उत्तर साधा माणूस देत नाही. लहान मूल तर देतच नाही. ज्याला प्लावक बलाचं, म्हणजे पाणी बुडालेल्या वस्तूला ढकलतं त्या जोराचं, सूत्र पाठ आहे, दिशाही पाठ आहे, पण ते बल नेमकं कशावर लागतं याचा विचार करायची ज्याला उभ्या जन्मात गरज पडली नाही, असा विद्वानच ते उत्तर देऊ शकतो. ही चूक करायला भौतिकशास्त्राची पदवी लागते.

रविवारी दीक्षेचा सोहळा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी हैमाला सूर्यापुढे उभं करणार होते. किराणा दुकानातला मोठा तराजू मी रिक्षात घालून आणला आणि मंचाच्या बाजूला ठेवला. चेअरमनसाहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, स्वामींच्या चमत्काराला प्रयोगाची जोड देते, पालकांवर छाप पडेल. छाप म्हटल्यावर ते खूष झाले.

सोहळा रंगला. पाच-सहा गणितं झाली, सगळी बरोबर, आणि दर वेळी मी नरसिंहम सरांचे हात आणि स्वामींचा कुंचा मनात टिपत गेले. मग स्वामींनी नेहमीचा डाव टाकला. "आहे का कुणाला शंका? कुणीही या! डॉक्टर या, इंजिनिअर या, कलेक्टर या! देवीला परीक्षेची भीती नाही!"

मी उठले. "मी येते, स्वामी. चार पर्यायांचाच प्रश्न आहे."

स्वामींनी चेअरमनकडे बघितलं. चेअरमननी मान हलवली. आमचीच बाई, घाबरायचं काय! प्रश्न पडद्यावर आला: मूठ पाण्यात बुडवल्यावर ते पारडं, एक, खाली जाईल, दोन, वर जाईल, तीन, तिथेच राहील, चार, आधी वर जाईल आणि मग खाली येईल.

आज मी पोराकडे बघत नव्हते. नरसिंहम सरांनी प्रश्न वाचला. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. मग त्यांनी खिशातल्या पेनला हात लावला, जणू काही ते नीट बसवतायत. मंचावर मोरपिसांचा कुंचा पोराच्या कपाळावरून फिरला, घुटमळला आणि उजव्या खांद्यावर टेकला.

"दोन!" पोर ओरडलं. "वर जाईल!"

टाळ्या. स्वामींनी डोळे मिटले. "देवी बोलली!"

"देवी बोलली," मी माइकवर म्हणाले. "आता पाणी काय बोलतं ते बघू. हैमा, वर ये."

कोटेश्वरराव अर्धवट उठले. "बुज्जी, नको! भलतंसलतं करू नको!" पण ती मंचावर चढली होती. दोन्ही भांड्यांत पाणी होतं, तराजू सरळ होता. मी पुढच्या रांगेतल्या चार पालकांना वर बोलावून जवळून बघायला लावलं. हैमाने बाही वर केली, मूठ वळली आणि हळूच पाण्यात सोडली.

पारडं खाली गेलं. थोडंथोडकं नाही, खाडकन खाली! तिने हात काढला, तराजू डुलत डुलत सरळ झाला. पुन्हा घातला, पुन्हा खाली. वर आलेल्या पालकांपैकी एकाने स्वतः हात घालून बघितला. त्याचाही खाली.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. स्वामींचा आवाज चढला. "तराजूत खोट आहे! विटाळाचा हात लागलाय! देवी म्हणाली वर, म्हणजे वरच!"

"असेल खोट," मी म्हणाले. "तपासून घेऊ. आपल्याकडे जाणकार माणूस आहे. नरसिंहम सर, वर या. तराजू तुम्हीच धरा."

सर खुर्चीला चिकटून बसले. चेअरमनसाहेब खेकसले, "जा की हो! तपासा एकदाचं!" त्या बिचाऱ्यांना काय माहीत की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय. सर आले. मी त्यांना तराजूच्या मागे उभं केलं, पाठ स्वामींकडे, दोन्ही हात दोन पारड्यांखाली.

"असेच धरून ठेवा सर. पाणी सांडायला नको. तोवर देवीला अगदी सोपा प्रश्न विचारते."

पडद्यावर मी आमच्या रविवारच्या परीक्षेतलं गणित चार पर्यायांसकट लावलं. सेकंदाला वीस मीटर वेगाने सरळ वर फेकलेला चेंडू किती उंच जाईल? हे सभागृहातल्या प्रत्येक मुलाला येत होतं. सुपर असो की रेग्युलर, झोपेतही आलं असतं. पण सगळी पोरं श्वास रोखून गप्प बसली.

स्वामींनी पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग नरसिंहम सरांच्या पाठीकडे बघितलं. "देवी थकली," ते म्हणाले. "आता एक भजन..."

"भजन नंतर!" कुणीतरी मागून ओरडलं. ते कोटेश्वरराव होते. यार्डात लिलाव करणारा आवाज, त्याला माइक लागत नाही. "आधी उत्तर!"

"हो, आधी उत्तर!" आणखी चार-पाच आवाज उठले.

मोरपिसं पोराच्या डोक्यावर गेली. कपाळ झालं, डावा खांदा झाला, पाठ झाली, परत कपाळ. पोर मान ताठ ठेवून वाट बघत होतं. आणि मग ते बोललं. त्याच्या गळ्यात माइक अडकवलेला होता हे ते विसरलं असावं.

"स्वामी, कुठं लावलंत? मला नीट लागलं नाही."

सगळ्या सभागृहाने ऐकलं.

मी पुढे होऊन त्याच्या डोळ्यांवरची पट्टी काढली. चंदू त्याचं नाव. उजेडाने त्याचे डोळे मिचमिचत होते. मी विचारलं, "बाळा, वेग म्हणजे काय, माहीत आहे?" त्याने मान हलवली, नाही. "शाळेत कितवीत आहेस?" तो म्हणाला, "आधी जायचो." मंचावरून तो सहावीत आहे असं सांगत होते, आणि ज्ञानाची देवी ज्याच्या मुखातून बोलते म्हणायचे, त्या पोराची शाळाच यांनी सोडवली होती! मला हुंदका आला आणि त्याहून मोठा राग आला. माइक हातात होता, मग मी राग वापरला.

"ऐका सगळे! हा आहे तुमचा चमत्कार. प्रश्न पडद्यावर लावायचा, तुमच्या सोयीसाठी नाही, नरसिंहम सरांच्या सोयीसाठी. उत्तर पहिला पर्याय असेल तर सर चष्मा सारखा करतात. दुसरा असेल तर खिशातलं पेन. तिसरा असेल तर घड्याळ, चौथा असेल तर गुडघा खाजवतात. स्वामी ते बघतात आणि कुंचा टेकवतात. कपाळ एक, उजवा खांदा दोन, डावा तीन, पाठ चार. पोराला फक्त चारपर्यंत मोजता यावं लागतं. डोळ्यांवर पट्टी असली काय आणि नसली काय! यातली पेनाची खूण आत्ता सगळ्यांसमोर झाली. बाकीच्या सर स्वतः सांगतील. नाही तर चंदू सांगेल."

चंदूने स्वामींकडे बघितलं आणि न सांगता आधी कपाळाला हात लावला, मग उजव्या खांद्याला, मग डाव्या. पाठीपर्यंत हात पोचेना.

"आणि 'वर' हे उत्तर कुणाचं?" मी पुढे म्हणाले. "याच आठवड्यात स्टाफरूममध्ये सरांनी मला तेच उत्तर दिलं होतं. बाकी कुणीच दिलं नाही. देवीने चूक केली तीसुद्धा नरसिंहम सरांचीच चूक केली!"

सर अजून पारडी धरून उभे होते. मान खाली. "मला चेअरमनसाहेबांनी सांगितलं होतं," ते पुटपुटले. "कॉलेजची जाहिरात होते म्हणाले." मग जरा थांबून, अगदी खालच्या आवाजात, जेमतेम मला आणि शेजारी उभ्या हैमाला ऐकू येईल असं म्हणाले, "पण मॅडम, बल तर वरच लागतं ना?"

मला त्या क्षणी त्यांची कीव आली, पण फार नाही.

मग जो गोंधळ व्हायचा तो झाला. स्वामी मागच्या दाराने निघाले, तर आयांनी त्यांचं रेशमी वस्त्र धरून ठेवलं. मघाशी ज्या पायांवर पडल्या होत्या, त्याच पायांना आता पळू देत नव्हत्या. पोलिसांना फोन गेला. चंदूला प्राणिशास्त्राच्या मॅडमनी आपल्या शेजारी बसवून इडली खायला दिली, तेव्हा समजलं की सोहळ्याच्या दिवशी त्याला उपाशी ठेवत, म्हणजे चेहऱ्यावर तेज दिसतं. चेअरमनसाहेब घाम पुसत सांगत होते की हा निव्वळ करमणुकीचा कार्यक्रम होता. करमणूक! फणींद्रचे डोळे कुणाच्या करमणुकीसाठी गेले, हे मी त्यांना माइकवरून विचारलं. त्यांनी माइक बंद करायला सांगितला.

गर्दी पांगत आली तेव्हा कोटेश्वरराव मंचावर चढले. मुलीकडे बघितलं नाही. सरळ तराजूपाशी गेले, सदऱ्याची बाही सारली आणि आपली जाडजूड मूठ पाण्यात बुडवली. पारडं खाली बसलं. त्यांनी खाली वाकून बघितलं, कुठे लागत तर नाही ना. नव्हती लागत.

"हात माझा मी धरलाय," ते म्हणाले. "तळाला लागलेला नाही. मग वजन वाढलं कुठून? आयुष्य तराजूपुढे गेलं माझं, पण हे नाही समजत." आणि मग, मला नव्हे, हैमाला विचारलं, "बुज्जी, हे असं का होतं?"

हैमा तराजूपाशी आली. घरात तिला हा शब्द कुणी विचारला नसावा.

"नान्ना, मूठ बुडवताना पाणी तुम्हाला वर ढकलतंय, लागतंय का?"

"लागतंय. थोडं."

"पाणी तुम्हाला वर ढकलतं, तर तुम्हीही पाण्याला खाली ढकलताय. तेवढ्याच जोरानं. पाणी बिचारं कुठं जाणार? ते भांड्याच्या तळाला जास्त ढकलतं. भांडं पारड्याला. सर म्हणाले ते बल वरच आहे, पण ते तुमच्या मुठीवर आहे. पारड्यावर नाही."

त्यांचा हात अजून पाण्यातच होता. "आणि मूठ मोठी असली तर?"

"जास्त खाली."

"आणि तेलात बुडवली तर?"

"पाण्यापेक्षा कमी. तेल हलकं असतं ना."

त्यांनी हात बाहेर काढला, पंचाला पुसला आणि माझ्याकडे वळले. डोळे लाल झाले होते, पण आवाज तोच, खणखणीत. "मॅडम, हिला हे सगळं येतं?"

"केव्हापासून येतं."

"मग तुमच्या परीक्षेत हे का विचारत नाही?"

मी म्हणाले, "मला नका विचारू. ज्यांना विचारायला हवं ते तिथे उभे आहेत."

कोटेश्वरराव चेअरमनसाहेबांपुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला, सगळ्या उरलेल्या आईबापांच्या देखत. माझी पोरगी दर रविवारी नापास होते, मग हे तिला कसं आलं? आणि हे येत असेल तर तुम्ही दर रविवारी तपासता तरी काय? चेअरमनसाहेब म्हणाले, "राव गारू, आत केबिनमध्ये बोलू." कोटेश्वरराव म्हणाले, "नाही, इथेच." त्यांच्यामागे बाकीचे पालकही येऊन उभे राहू लागले. माझ्या शेजारी रडलेल्या त्या बाईही होत्या. हैमा तराजूतलं पाणी ओतून देत होती. सोमवारी सकाळी तिने सूर्याकडे बघितलं नाही, आणि घरात कुणी तिला बघायला लावलंही नाही.

मला त्या महिन्यात कॉलेज सोडावं लागलं, त्याचं दुःख नाही. राग मात्र गेलेला नाही आणि जाऊ नये असंच मला वाटतं. स्वामी येतात ते आम्ही जागा करून ठेवतो म्हणून येतात. ज्या घरात आणि ज्या वर्गात फक्त 'उत्तर काय' एवढंच विचारलं जातं, तिथे उत्तर विकणारा येणारच. म्हणून हात जोडून सांगते, आज घरी गेल्यावर आपल्या मुलाला गुण विचारू नका. त्याला शिकलेली कुठलीही एक गोष्ट घ्या आणि विचारा, असं का होतं? सांगता आलं तर ऐकून घ्या. नाही सांगता आलं तर त्याला मारू नका, बुवाकडे नेऊ नका, सूर्यासमोर उभं करू नका. त्याला शिकवणाऱ्या आमच्याकडे या आणि आमची गचांडी धरा.